कोनिकल ग्राइंडरला फ्लॅट बर बसवताना: पारख, बसवणी आणि अलाइनमेंट

कॉफीच्या ग्राइंडरमधला कोनिकल बर (बर म्हणजे बिया दळणारा दातेरी भाग) काढून त्या जागी फ्लॅट बर बसवणं हे ॲलन की आणि स्क्रूड्रायव्हरचं तासाभराचं काम दिसतं. स्क्रू काढण्या-लावण्यापुरतं ते खरंच तेवढं आहे. वेळ खातं ते पुढचं: फ्लॅट बरच्या दोन चकत्या एकमेकींना समांतर आहेत का हे तपासणं, आणि नसतील तर त्या तशा करणं. शाफ्टचा (बर फिरवणाऱ्या दांड्याचा) थोडासा प्ले म्हणजे ढिलाई, बैठकीवर राहिलेला एखादा कण, किंचित कललेला कॅरिअर (बर धरणारा भाग) असं बरंच काही कोनिकल रचना पोटात घालते. फ्लॅट घालत नाही. म्हणून या लेखात बर बदलण्याच्या कृतीला थोडी जागा दिली आहे आणि अलाइनमेंटला भरपूर.

दोन्हींत नेमका फरक काय

कोनिकलमध्ये बाहेरची कडी स्थिर असते आणि तिच्या आत शंकू फिरतो. बिया वरून पडतात, शंकूचे दाते त्यांना फोडत खाली ओढतात, पूड खालच्या फटीतून गळते. फ्लॅट म्हणजे थेट जात्याची रचना: दोन चकत्या समोरासमोर, एक स्थिर, एक फिरती. बिया मधल्या भोकातून आत शिरतात, फिरण्याच्या जोराने परिघाकडे फेकल्या जातात आणि कडेच्या शेवटच्या बारीक दात्यांमध्ये त्यांचं अंतिम माप ठरतं.

चुका कोण पोटात घालतं आणि कोण नाही, याचं उत्तर याच रचनेत आहे. शंकू बाजूला सरकला तर एका अंगाची फट कमी होते, दुसऱ्या अंगाची वाढते. पण चारी बाजूंनी दाबणाऱ्या बिया त्याला परत मध्याकडे ढकलत राहतात. फ्लॅट चकती बाजूला थोडी सरकली तर फटीला फारसं काही होत नाही. ती कलली तर मात्र होतं. एस्प्रेसोसाठी दोन बरांमधली फट साधारण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या घरात असते. त्यात एक कड अर्ध्या दशांशाने वर राहिली, तर एकाच डोसातली काही पूड एका मापाची आणि काही दुसऱ्याच मापाची पडते. मग फ्लॅट बरकडून ज्या एकसारखेपणाची अपेक्षा होती, तोच जातो.

चवीबद्दल थोडक्यात. कोनिकलमधून साधारणपणे अतिबारीक कण जास्त पडतात; त्यामुळे एस्प्रेसो दाट, गोलसर, चॉकलेटी अंगाची लागते. फ्लॅटमधून चवी सुट्या होऊन येतात, आंबटपणा आणि फळांचा गंध ठळक होतो, अंग हलकं होतं. पण हे सरसकट नियम म्हणून घेऊ नका. दात्यांची आखणी आकाराइतकीच, कधी आकारापेक्षाही जास्त बोलते. दक्षिण कोरियाच्या एसएसपी या बर बनवणाऱ्या कंपनीचे 'हाय युनिफॉर्मिटी' आणि 'मल्टी पर्पज' हे दोन्ही ६४ मिमीचे फ्लॅट बर आहेत, तरी एकाच कॉफीचे त्यातून निघणारे कप वेगळे ओळखू येतात. तुमची बहुतेक कॉफी गडद भाजणीची आणि दुधातली असेल, तर माझ्या मते हा खटाटोप करू नये. जे मिळवायला निघालात ते दुधात विरून जाईल.

आधी हे बघा: यंत्र बदलण्यासारखं आहे का

बहुतेक घरगुती कोनिकल ग्राइंडर बदलता येत नाहीत. व्हारिया व्हीएस६सारखी मोजकी यंत्रं दोन्ही प्रकारचे बर घेतील अशीच बनवलेली आहेत. निश झिरो या घरगुती ग्राइंडरमध्ये ६३ मिमीचा कोनिकल बर आहे; त्याच कंपनीला फ्लॅट द्यायचा होता तेव्हा तिने झिरोसाठी किट काढलं नाही, ८३ मिमीचा डुओ हे वेगळं यंत्र काढलं. त्यामागे कारणं आहेत, आणि तीच आपल्या तपासणीची यादी होऊ शकते.

पहिलं, पूड बाहेर पडायची वाट. कोनिकलमध्ये ती खालून गळते. फ्लॅटमध्ये ती परिघावरून बाजूला उडते, म्हणून चकतीभोवती मोकळी जागा लागते, फिरत्या कॅरिअरवर पूड झाडत नेणारी पाती लागतात आणि चेंबरच्या भिंतीत बाहेर पडायचं तोंड लागतं. हे नसेल तर पूड चेंबरमध्येच घुसमटते, गरम होते आणि दाबून बसते.

दुसरं, फिरण्याची दिशा. फ्लॅट बरचे दाते एकाच दिशेने कापतात. मोटर कुठल्या बाजूला फिरते आणि कोणता बर फिरतो, वरचा की खालचा, हे बर मागवण्यापूर्वी लिहून ठेवा. दिशा उलटी पडली तर दात्यांची बोथट पाठ बियांवर आपटते; दळण होत नाही, नुसतं रगडणं होतं.

तिसरं, वेग आणि ताकद. निश झिरोचा शंकू मिनिटाला ३३० फेऱ्या फिरतो. ६४ मिमीचे घरगुती फ्लॅट ग्राइंडर बऱ्याचदा १४०० फेऱ्यांच्या आसपास चालतात. ६४ मिमीच्या चकतीच्या कडेचा वेग १४०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ४.७ मीटर येतो, ३३० फेऱ्यांना जेमतेम १.१ मीटर. कमी वेगावर फ्लॅट बर दळत नाही असं नाही, पण बिया बाहेर फेकणारा जोर कमी पडतो, वेळ जास्त लागतो आणि फिकट भाजणीच्या कडक बियांवर मोटर अडते. गिअरबॉक्समध्ये प्लास्टिकचे गिअर असतील तर अडलेल्या मोटरचा सगळा ताण त्यांच्या दात्यांवर येतो.

चौथा मुद्दा सहसा कुणी बोलत नाही: माप बदलायच्या कडीचे आटे. शंकूची भिंत अक्षाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर बर ०.१ मिमी वर-खाली केल्यावर प्रत्यक्ष फट ०.०५ मिमीच बदलते. फ्लॅटमध्ये ०.१ म्हणजे ०.१. समजा, कडीच्या आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी आहे आणि कडीवर ६० खुणा आहेत. एक खूण म्हणजे २५ मायक्रॉन (०.०२५ मिमी). कोनिकलला त्याचे साडेबारा मायक्रॉन मिळत होते, फ्लॅटला पूर्ण २५ मिळतील. म्हणजे कालपर्यंत पुरेशी बारीक वाटणारी कडी आज दुप्पट भरड झाली. एस्प्रेसोसाठी दोन खुणांच्या मध्ये थांबता येतं का, की कडी ठरलेल्या खाचांवरच अडकते, हे आधीच बघून घ्या. खाचांवरच अडकत असेल तर ते यंत्र फिल्टर कॉफीपुरतं फ्लॅट होईल, एस्प्रेसोला त्रास देईल.

या चारही गोष्टी जमत असतील आणि तुमच्या मॉडेलसाठी कॅरिअर, पाती, स्प्रिंग आणि बर असा पूर्ण संच मिळत असेल, तर पुढे चला. लेथवर कॅरिअर कातून घेण्याचा मोह बऱ्याच हौशी लोकांना होतो. कातकाम करणारा कुशल असेल तर तुकडा सुबक होईलही. पण बेअरिंग आणि शाफ्ट मूळचेच राहतात, आणि चेंबरचं तोंड काही लेथवर तयार होत नाही. अशा वेळी सरळ फ्लॅट ग्राइंडर घ्यावा आणि कोनिकल आहे तसा दुसऱ्या कॉफीसाठी ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामान

नेमक्या मापाच्या ॲलन की, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर, ताठ केसांचा ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं फडकं, व्हाइटबोर्डचा मार्कर, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, कात्री, चिमटा आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. फॉइलची जाडी साधारण १० ते १६ मायक्रॉन असते; शिम (फट भरायची पातळ पट्टी) म्हणून तिच्याइतकी सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही.

०.०१ मिमीपर्यंतचा उंच-सखलपणा मोजणारा डायल इंडिकेटर मिळाला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. फक्त एक लक्षात घ्या: बहुतेक ग्राइंडरची बॉडी ॲल्युमिनियमची असते, तिला मॅग्नेटिक स्टँड चिकटत नाही. ग्राइंडर जाड लोखंडी पट्टीवर ठेवून स्टँड त्या पट्टीला चिकटवावा लागतो.

खोलण्याआधी

जुन्या बरवर एकदा नेहमीची कॉफी दळून घ्या. १८ ग्रॅम घातल्यावर किती वेळ लागला, किती ग्रॅम बाहेर आली, कडी कुठल्या खुणेवर होती, एस्प्रेसो किती सेकंदांत किती उतरली, सगळं लिहून ठेवा. थोडी पूड डबीत राखून ठेवा. पुढे "मोटर पूर्वी अशी आवाज करायची का?" असा प्रश्न पडतोच, त्यासाठी रिकामं यंत्र चालवून फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर फार उपयोगी पडतो.

खोलणं

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही; वायर डोळ्यांसमोर ठेवा. हॉपर (वरचं बियांचं भांडं) काढून उरलेल्या बिया उपसा, मग कडी फिरवत पूर्ण भरड बाजूला न्या आणि वरचा कॅरिअर बाहेर काढा. तो काढण्यापूर्वी कॅरिअर आणि बॉडी दोन्हींवर समोरासमोर मार्करने रेघ मारा. त्याखाली बारीक स्प्रिंग असतील तर त्या उडतात. कॅरिअर शेवटच्या आट्यावर आला की त्यावर तळहात ठेवूनच तो उचला.

शंकू मधल्या नटाने किंवा बोल्टने धरलेला असतो. इथे घाई नको. शाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर तो नट बऱ्याचदा डाव्या आट्यांचा असतो, म्हणजे सुटायलाही काट्यांप्रमाणेच फिरवावा लागतो. चालताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय असते. सुटत नाही म्हणून जोर लावायच्या आधी आटे कुठल्या बाजूला उतरतात ते टॉर्च मारून बघा.

नट सोडवताना शाफ्ट फिरतो. तो अडवायला बरच्या दात्यांत स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. दात्याचा टवका उडाला की बर संपला. शाफ्टला पिन घालायचं भोक असेल तर ते वापरा, नसेल तर लाकडाची काडी पुरते. शंकू निघाला की त्याखालच्या वॉशर आणि शिम ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि फोटो काढा.

बैठक साफ करणं

या पायरीवर जेवढा वेळ घालवाल, त्याच्या दुप्पट पुढे वाचेल. कॅरिअर ज्यावर टेकतो तो शाफ्टचा खांदा, बर ज्यावर टेकतो ती कॅरिअरची सपाट बैठक आणि वरच्या कॅरिअरचे आटे, या तीन जागा धातू दिसेपर्यंत स्वच्छ करायच्या. कॉफीचं तेल सुकून लाखेसारखं बसतं; कोरड्या ब्रशने ते निघत नाही. फडक्यावर आयसोप्रोपिल घेऊन पुसा आणि पूर्ण उडून जाऊ द्या. बरला किंवा शाफ्टला पाणी लावू नका, गंज धरतो.

मग बैठकीवरून नख फिरवा. स्क्रूच्या भोकांच्या कडा कातताना उठलेल्या असतात, कधी रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा ओघळ बैठकीवर आलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतो. असा उंचवटा बारीक धारदगडाने हळूच घासून काढा, पण फक्त उंचवटा. सगळी बैठक घासायला गेलात तर ती घुमटासारखी होईल. नवा बरसुद्धा उलटा करून त्याची पाठ अशीच तपासा. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. बरखाली एक केस अडकला तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता शाफ्ट दोन बोटांत धरून हलवा. आडवा किंचित प्ले चालतो. वर-खाली हललेला जाणवला तर तिथेच थांबा. बेअरिंग झिजलं आहे किंवा त्याखालची स्प्रिंग वॉशर थकली आहे, आणि हा प्ले कुठल्याही शिमने जात नाही. आधी बेअरिंग बदला, मग बर.

बर बसवणं

खालचा कॅरिअर शाफ्टवर चढवा, त्याची किल्ली किंवा सपाट बाजू नीट जुळली आहे ना बघा, नट लावा. त्यावर फिरता बर ठेवा. बर नुसता ठेवल्यावर तो हाताखाली डुगडुगतोय का ते बघा. डुगडुगला तर खाली अजून काहीतरी आहे.

बर धरणारे स्क्रू सीएसके असतात, म्हणजे डोकं बरच्या पृष्ठभागाच्या खाली बसणारे. बरसोबत आलेलेच वापरा. डोकं केसभरही वर राहिलं तर समोरच्या बरला घासेल. तीन स्क्रू असतील तर तिन्ही आधी नुसते टेकवा, मग प्रत्येकी पाव फेरा देत पुन्हा पुन्हा फिरा. एकच स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर बर तिकडे कलून बसतो. शेवटचा आवळ मनगटाचा, दंडाचा नाही. फार आवळलं तर पातळ बर स्वतःच वाकतो. वरच्या कॅरिअरवर दुसरा बर असाच बसवा. पूड झाडणारी पाती चेंबरच्या तळाला घासत नाहीत ना, हे खालचा कॅरिअर हाताने पूर्ण फेरी फिरवून ऐका.

अलाइनमेंट: शाईची चाचणी

व्हाइटबोर्डच्या मार्करने बरच्या कडेच्या सपाट पट्टीवर, म्हणजे जिथे शेवटचे बारीक दाते आहेत तिथे, सगळीकडे सारखी पातळ शाई लावा. दोन्ही बरांना एकाच वेळी लावू नका. एका वेळी एकालाच, कारण दोन्हींवरची शाई वेगवेगळी गोष्ट सांगते.

वरचा कॅरिअर स्प्रिंगसकट चढवा. स्प्रिंग काढून चाचणी घेण्यात अर्थ नाही. दळताना कॅरिअर ज्या दाबाखाली आट्यांत बसतो, त्याच दाबाखाली तो तपासायला हवा. प्लग काढलेलाच आहे. आता खालचा बर हाताने फिरवत कडी बारीक बाजूला सावकाश न्या. जिथे पहिला हलका स्पर्श कळेल तिथे थांबा, त्याच जागी बर एक-दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, मग कडी मागे नेऊन कॅरिअर काढा आणि शाई कुठे पुसली ते बघा.

सुरुवात फिरत्या बरपासून करा. फिरत्या बरवरची शाई एकाच भागात पुसली गेली असेल, तर तो बर स्वतःच्या अक्षाला काटकोनात नाही. फिरताना त्याचा तो भाग दर फेरीत वर येतो. हा झाला रनआउट. स्थिर बरवरची शाई एकाच भागात पुसली असेल, तर दोष स्थिर बरच्या कलण्यात आहे. फिरता बर डोलत असला तरी त्याचा उंच भाग फेरीभर सगळीकडून जातो, त्यामुळे स्थिर बरवर फक्त स्थिर बरचा कल उमटतो. हे एकदा नीट समजलं की शिम कुठे लावायची याचा गोंधळ होत नाही, आणि बऱ्याच लोकांचा दिवस इथेच वाया जातो: दोष खालच्यात असताना ते वरच्याखाली फॉइल सारत बसतात.

फॉइल कापायच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघा. बरचे स्क्रू काढा आणि तो एक भोक पुढे, म्हणजे तीन भोकं असतील तर १२० अंश फिरवून पुन्हा बसवा. कॅरिअरचा थोडा कल आणि बरच्या जाडीतला थोडा फरक एकाच बाजूला येत असतील तर ते बेरजेत जातात, समोरासमोर आले तर एकमेकांना खोडतात. तिन्ही जागा तपासून त्यातली सगळ्यात चांगली पकडा. कधीकधी काम इथेच संपतं.

उरलेला फरक फॉइलने भरायचा. शाई जिथे पुसली गेली ती बाजू जवळ आहे. जिथे शाबूत राहिली ती लांब. लांब असलेल्या बाजूला, बर आणि कॅरिअरच्या मध्ये फॉइलची पट्टी घालायची. चार-पाच मिलिमीटर रुंद, स्क्रूच्या भोकावर न येणारी, बाहेर न डोकावणारी. आधी एकच थर. चिमट्याने ठेवा, बर अलगद टेकवा, स्क्रू पूर्वीसारखे पाव-पाव फेऱ्यांनी आवळा आणि चाचणी पुन्हा घ्या. पट्टीला सुरकुती पडली असेल तर ती फेकून नवी कापा. सुरकुती म्हणजे दुप्पट जाडी. पुसलेला भाग परिघाभोवती वाढत गेला तर दिशा बरोबर आहे. तो उडी मारून समोरच्या बाजूला गेला तर शिम जास्त झाली: पट्टी आखूड करा किंवा दोषाच्या मध्यापासून थोडी सरकवा.

डायल इंडिकेटर असेल तर त्याची सुई फिरत्या बरच्या कडेच्या सपाट पट्टीवर टेकवून एक फेरी फिरवा. सुई दात्यांच्या खाचांत पडते, म्हणून वाचन फक्त सपाट जागांवर घ्या. पूर्ण फेरीत ०.०३ मिमीच्या आत आलं तर घरगुती यंत्रासाठी मी समाधानी असतो, ०.०२ म्हणजे छान. त्याखाली जाण्याचा हट्ट करू नये. बेअरिंगचाच प्ले तेवढा असतो आणि मोटर तापल्यावर चेंबर फुगून तेवढं इकडेतिकडे होतंच.

फिरता बर जमला की मग स्थिर बरवर शाई लावा आणि तीच कृती. परिघाच्या बहुतांश भागावर शाई एका वेळेस पुसली गेली पाहिजे. तुरळक ठिपके राहिले तर चालतात. शेवटी शाई अल्कोहोलने पुसा, सगळे स्क्रू एकदा तपासा.

शून्य ठरवणं

बर एकमेकांना टेकतात ती खूण म्हणजे शून्य. प्रथम हाताने शोधा, तिथून कडी दोन-तीन खुणा भरड बाजूला न्या आणि मगच प्लग लावा. रिकामं यंत्र सुरू करून कडी अगदी सावकाश आत आणा. बारीक किणकिण ऐकू आली त्या क्षणी मागे फिरा. त्या आवाजावर रेंगाळायचं नाही, नव्या बरची धार तिथे जाते. किणकिण सलग आली तर अलाइनमेंट चांगली. दर फेरीला एक टिचकी अशी आली तर एखादा उंचवटा अजून आहे.

जुने आकडे आता विसरा. कडीची एक खूण म्हणजे किती मायक्रॉन हे वरच्या हिशेबाने काढून ग्राइंडरच्या तळाला चिकटवून ठेवा. आणि चेंबरमध्ये बिया असताना बंद यंत्राची कडी बारीक बाजूला फिरवू नका. अडकलेल्या बिया दोन चकत्यांमध्ये पाचर होऊन बसतात.

पहिलं दळण आणि बर रुळणं

नव्या बरवर कारखान्यातलं तेल आणि धातूची धूळ असते. शिळ्या बियांचे पन्नासेक ग्रॅम मध्यम मापावर दळून फेकून द्या. पहिल्या डोसात एक-दोन ग्रॅम कमी बाहेर येतील. ते चेंबरच्या कोपऱ्यांत भरतात, घाबरू नका. साफ करायला किंवा बर लवकर रुळावेत म्हणून तांदूळ दळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. कच्चा तांदूळ भाजलेल्या बियांपेक्षा कितीतरी कडक असतो आणि त्याचं पीठ अशा जागी जाऊन बसतं जिथून ते निघत नाही.

बर रुळायला काही किलो कॉफी जाते. टायटॅनियमचा कठीण थर चढवलेल्यांना आणखी जास्त. तोवर माप रोज थोडं सरकतं, आज बसवलेली खूण आठवड्याने लागू पडत नाही. या काळात महागड्या कॉफीचं पाकीट उघडू नये.

मोटर आधी सुरू करा आणि बिया नंतर, हळूहळू सोडा. कमी वेगाच्या मोटरला हे आवश्यकच आहे. शिवाय चेंबरमध्ये गर्दी न झाल्याने अतिबारीक कणही कमी पडतात.

कपात काय बदलायचं

अतिबारीक कण कमी झाले की पाण्याला अडवणारं कमी होतं. तेव्हा पहिली एस्प्रेसो धो-धो उतरणार, हे धरून चला. माप बारीक करा. कोनिकलवर १८ ग्रॅमचे ३६ ग्रॅम घेत असाल तर फ्लॅटवर ४० ते ४५ पर्यंत जाऊन बघा. सुट्या झालेल्या चवींना तेवढी जागा लागते, नाहीतर आंबट घोट जिभेवर चढतो. वेळ २५ ते ३० सेकंदांत ठेवायचा प्रयत्न सुरुवातीला करा, मग जिभेवर सोडा. पोर्टाफिल्टरमध्ये (एस्प्रेसो यंत्राच्या दांडीवाल्या गाळणीत) पूड सुईने मोकळी करून सपाट करण्यात आता आळस चालत नाही. फ्लॅटच्या पुडीत पाण्याने एकदा वाट काढली की ती बुजवायला बारीक कण नसतात.

फिल्टरला उलट मजा आहे. व्ही६० या कागद घालून वापरायच्या ड्रिपरमध्ये कोनिकलने ज्या मापावर कागद तुंबायचा, त्याहून बारीक मापावर आता पाणी सहज उतरतं. १५ ग्रॅमला २५० ग्रॅम पाणी घेऊन माप दोन-दोन खुणांनी बारीक करत जा. तुरटपणा आला की एक पाऊल मागे.

चिकटणारी आणि उरणारी पूड

बाजूने बाहेर पडणारी पूड स्टॅटिकमुळे तोंडाशी चिकटते. दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचे एक-दोन थेंब शिंपडून हलवले की हे बरंच कमी होतं. ही युक्ती कॉफीवाल्यांना जुनी माहीत. ओरेगॉन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन यांच्या चमूने २०२३ मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात दाखवून दिलं की बियांमधला आणि वरून दिलेला ओलावा दळतानाचा विद्युतभार ठरवतो. थेंब म्हणजे थेंबच. बिया चकाकेपर्यंत ओल्या केल्या तर फ्लॅट बरच्या कडेला राड साचते.

बिघडलं तर

दर एस्प्रेसोचा वेळ वेगळा येतोय आणि माप बदललेलं नाही: बरचे स्क्रू बघा. पहिल्या किलोभर कॉफीनंतर ते एकदा आवळायलाच हवेत. मोटर सुरू होताना गुरगुरते आणि अडते: बटण लगेच बंद करा, प्लग काढा, कडी भरड बाजूला नेऊन चेंबर मोकळं करा, वारंवार होत असेल तर ती मोटर या बरसाठी नाही. दळायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतोय आणि पूड गरम येते: बाहेरचं तोंड तुंबलंय किंवा बरची दिशा उलटी आहे. सकाळी बरोबर असलेलं माप चार-पाच डोस सलग दळल्यावर सरकतं: धातू तापून फुगतो, यंत्राला विश्रांती द्या. किणकिण शून्याच्या कितीतरी आधी येऊ लागली: पात्यांपैकी एखादं वाकून चेंबरला घासतंय, हे आधी बघा, मग बरवर संशय घ्या.

कोनिकलचा संच टाकू नका. शंकू, कडी, नट, वॉशर हे सगळं कोरडं पुसून, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात ठेवा आणि शिम कुठल्या क्रमाने होत्या त्याचा फोटो छापून त्यातच घाला. फ्लॅटची अलाइनमेंट साधली असेल तर तिच्या शिमच्या जागाही बरच्या पाठीवर मार्करने नोंदवा, म्हणजे पुढच्या सफाईनंतर पुन्हा शाईपासून सुरुवात करावी लागणार नाही.